चिखलात रुतलेलं जहाज आणि ब्रुनेल

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याला समुद्र नाही. जहाज आपण बघतो ते सिनेमात, नाहीतर मुंबईला गेल्यावर. तरीपण इंजिनिअरिंगच्या प्रत्येक विद्यार्थ्याला एका जहाजाची आणि ते बांधणाऱ्या माणसाची गोष्ट माहीत असावी असं मला वाटतं. त्या माणसाचं नाव इझम्बार्ड किंगडम ब्रुनेल.

ब्रुनेलचा जन्म ९ एप्रिल १८०६ रोजी इंग्लंडमधल्या पोर्टस्मथ गावी झाला. वडील मार्क हे मूळचे फ्रेंच आणि नावाजलेले इंजिनिअर, पण कर्जापायी १८२१ मध्ये त्यांना तुरुंगात जावं लागलं. पुढे बापलेकांनी लंडनला थेम्स नदीखालून बोगदा खणायला घेतला. १८२८ मध्ये बोगद्यात पाणी घुसलं. सहा कामगार दगावले आणि ब्रुनेल थोडक्यात वाचला. तेव्हा तो २१ वर्षांचा होता, म्हणजे आपल्या टी.ई.-बी.ई.च्या मुलांएवढाच. २७ व्या वर्षी तर तो ग्रेट वेस्टर्न रेल्वेचा इंजिनिअर झाला!

मग तो जहाजांकडे वळला. १८४३ मध्ये 'ग्रेट ब्रिटन' हे त्याचं जहाज पाण्यात उतरलं. लांबी ३२२ फूट, बॉडी लोखंडाची आणि मागे प्रोपेलर. त्या काळातलं जगातलं सगळ्यात मोठं जहाज!

पण २२ सप्टेंबर १८४६ च्या रात्री, प्रवासी घेऊन अमेरिकेला निघालेलं हे जहाज आयर्लंडच्या डंड्रम उपसागरात किनाऱ्यावरच्या वाळूत जाऊन रुतलं. सुदैवाने कोणी दगावलं नाही. जहाज मात्र हलेना. हिवाळा आला, लाटांचे तडाखे बसू लागले. लाटा अडवायला घातलेला बांधही वाहून गेला.

डिसेंबरमध्ये ब्रुनेल स्वतः तिथे गेला. जहाज बेवारस पडलेलं बघून तो कंपनीवर जाम चिडला. आपल्याकडे उसाची ट्रॉली चिखलात रुतली तर आधी चाकाखाली दगड घालतात, मग ट्रॅक्टर जोडतात. ब्रुनेलनेही आधी जहाज टिकवायचं ठरवलं, ओढायचं नंतर. काटक्यांच्या हजारो मोळ्या बांधून जहाजाच्या कडेला रचायच्या आणि साखळ्या व वजनं टाकून दाबायच्या, असा त्याचा उपाय. मोळ्या लवचीक असल्याने लाटेचा जोर त्यांच्यातच जिरायचा. बांध टिकला नाही तिथे काटक्या टिकल्या! लोखंडी बॉडीनेही हिवाळा काढला. लाकडी जहाजाचे एव्हाना तुकडे झाले असते.

उन्हाळ्यात जेम्स ब्रेम्नर या अनुभवी माणसाने जहाज उचलायचं काम हाती घेतलं. वाळूने भरलेल्या जड पेट्यांच्या वजनावर जहाज थोडं थोडं वर घ्यायचं, खाली दगड सारायचे, भोकं बुजवायची. शेवटी २७ ऑगस्ट १८४७ रोजी, अकरा महिन्यांनी, भरतीच्या पाण्यात जहाज तरंगलं.

जहाज वाचलं, पण कंपनी बुडाली. सुमारे १ लाख १७ हजार पौंडांचं जहाज १८५० मध्ये २५ हजारांत विकावं लागलं. नव्या मालकांनी मात्र ते ऑस्ट्रेलियाच्या प्रवासाला लावलं आणि अनेक वर्षं चालवलं. १८५७ च्या उठावात इंग्रज घोडदळ घेऊन ते आपल्या मुंबईलाही आलं होतं.

ब्रुनेल १५ सप्टेंबर १८५९ रोजी, ५३ व्या वर्षी वारला. जहाज पुढे दक्षिण अटलांटिकमधल्या फॉकलंड बेटांवर गोदाम म्हणून वापरलं गेलं आणि १९३७ मध्ये उथळ पाण्यात सोडून दिलं. १९७० मध्ये ते पुन्हा तरंगवलं! बॉडीला पडलेली मोठी चीर बुजवायला बेटावरच्या लोकांच्या गाद्या वापरल्या. मग पाण्याखाली नेलेला तराफा जहाजाखाली घालून वर उचलला आणि ओढत ब्रिस्टलला आणला. १९ जुलैला, म्हणजे पाण्यात उतरलं होतं त्याच तारखेला, ते जिथे बांधलं त्याच गोदीत परतलं. आज तिथे म्युझियम आहे.

आपण सबमिशन झालं की प्रोजेक्ट विसरतो. ब्रुनेलचं सबमिशन १८४३ मध्येच झालं होतं. तरी तीन वर्षांनी, भर थंडीत, तो आपलं जहाज बघायला त्या किनाऱ्यावर गेला. म्हणून ते आजही बघायला मिळतं.