अण्णा भाऊ साठे : महानगराचे आतून घडलेले दर्शन

साहित्यातील नागर समाजाचे चित्रण अभ्यासताना एक प्रश्न तुम्ही सतत विचारला पाहिजे : लेखक शहराकडे कोठे उभा राहून पाहत आहे? माडीवरून दिसणारी वस्ती आणि त्याच वस्तीतल्या झोपडीच्या दारातून दिसणारी वस्ती या दोन भिन्न गोष्टी आहेत. हा भेद समजून घेण्यासाठी या घटकात आपण अण्णा भाऊ साठे यांच्या जीवनाचा परिचय करून घेणार आहोत.

अण्णा भाऊंचा जन्म १ ऑगस्ट १९२० रोजी वाटेगाव येथे, मातंग समाजातील एका गरीब कुटुंबात झाला. हे गाव आज सांगली जिल्ह्यात आहे. शाळेचे शिक्षण त्यांना जवळजवळ मिळालेच नाही. कोवळ्या वयात ते कुटुंबासह पायी मुंबईस आले. हमाली, गिरणीतील काम अशी मिळेल ती कामे त्यांनी केली. दुकानांच्या पाट्या आणि चित्रपटांच्या जाहिराती वाचता वाचता त्यांनी अक्षरओळख पक्की केली, असे सांगितले जाते. ज्या शहराने त्यांना राबवून घेतले, त्याच शहराने त्यांना वाचायलाही शिकवले.

कामगार चळवळीमुळे त्यांच्या अनुभवाला विचारांची बैठक लाभली. १९४४ मध्ये अमर शेख व द. ना. गव्हाणकर यांच्यासमवेत त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. ‘मुंबईची लावणी’ या रचनेत त्यांनी धनिकांची मुंबई आणि श्रमिकांची मुंबई समोरासमोर उभी केली. येथे तुम्ही रूपाकडे विशेष लक्ष द्या. शृंगाराशी जोडली गेलेली लावणी त्यांनी शहरातील विषमता मांडण्यासाठी वापरली. ‘माझी मैना गावावर राहिली’ या छक्कडीत गावी पत्नीला ठेवून मुंबईत राबणाऱ्या कामगाराचा विरह संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीशी जोडला गेला. शहराचा कामगार हा अर्धा गावाचाच असतो, हे समाजशास्त्रीय सत्य त्यांनी गाण्यातून पोहोचवले.

अण्णा भाऊ अनेक वर्षे घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीत राहिले. ‘फकिरा’सारखी कादंबरी लिहून कीर्ती मिळाली, १९६१ मध्ये रशियाचा प्रवास घडला, तरी दारिद्र्य सुटले नाही. १८ जुलै १९६९ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांची ‘स्मशानातील सोनं’ ही कथा या अभ्यासासाठी महत्त्वाची आहे. मुंबईच्या उपनगराजवळील खाण बंद पडल्याने बेकार झालेला भीमा प्रेतांच्या राखेत व मढ्यांत सोने शोधू लागतो. या उद्योगात तो आपली बोटे गमावतो आणि त्याच सुमारास खाण पुन्हा सुरू होते. भीमाला गुन्हेगार ठरवणे किंवा त्याची केवळ कीव करणे, हे दोन्ही मार्ग सोपे होते. अण्णा भाऊंनी काम, बेकारी आणि पोट यांची साखळी दाखवून त्याला माणूस म्हणून उभे केले.

तथापि, वस्तीतला लेखक म्हणजे वस्तीचे छायाचित्र, असा समज करून घेऊ नका. अण्णा भाऊंच्या लेखनामागे निश्चित विचारसरणी होती. त्यांच्या व्यक्तिरेखा अनेकदा धाडसी आणि काहीशा स्वप्नरंजक आहेत. आतून केलेले चित्रणही निवडीतूनच घडते. ती निवड कोणाच्या बाजूने झाली, हे ओळखणे हे अभ्यासकाचे काम आहे.

स्वाध्याय : तुमच्या शहरातील एखाद्या श्रमिक वस्तीविषयी वृत्तपत्रात आलेली बातमी आणि ‘स्मशानातील सोनं’ ही कथा शेजारी ठेवून वाचा. दोन्हींत माणसांना नाव, काम आणि भूतकाळ मिळतो का? ज्या मजकुरात तो मिळत नाही, तेथे काय हरवते, ते आपल्या शब्दांत लिहा.