फातिमा इस्माईल

मुंबईस समुद्रकाठच्या रस्त्याने वरळीकडे जाऊ लागले, की वाटेत हाजी अलीचा दर्गा दिसतो. भरती आली, की दर्ग्याकडे जाणारी वाट पाण्याखाली बुडते. ओहोटी लागली, की ती पुन्हा मोकळी होते. याच भागात, किनाऱ्यालगत, अपंग मुलांसाठी एक रुग्णालय उभे राहिले. ज्यांच्या आयुष्याची वाट रोगाने बुडविली होती, अशा कितीतरी मुलांना ती तेथे पुन्हा सापडली. हे रुग्णालय ज्यांच्या ध्यासातून निर्माण झाले, त्या थोर स्त्रीचे नाव फातिमा इस्माईल.

फातिमाबाईंचा जन्म 1903 साली सोभानी घराण्यात झाला. घरी संपत्ती होती, तशी देशभक्तीही होती. त्यांचे बंधू उमर सोभानी हे मुंबईतील गिरणीमालक. 1921 साली महात्मा गांधींनी मुंबईत परदेशी कापडाची होळी केली, ती परळ येथे उमरभाईंच्याच गिरणीच्या आवारात. देशासाठी स्वतःचे नुकसान आनंदाने कसे सोसावे, हा धडा फातिमाबाईंना अशा प्रकारे घरातच मिळाला. पुढे त्यांनीही सार्वजनिक कार्यात भाग घेतला.

पण त्यांच्या आयुष्याला खरे वळण लागले ते एका मोठ्या संकटाने. त्यांच्या लहानग्या मुलीला पोलिओ झाला. या रोगाचे विषाणू दूषित पाण्यातून व अन्नातून पोटात जातात. बहुतेकांना त्यांचा फारसा त्रास होत नाही. परंतु काही थोड्या मुलांच्या बाबतीत ते पाठीच्या कण्यातील मज्जापेशींवर घाला घालतात. मग स्नायूंना हालचालीची आज्ञा पोहोचत नाही. काल अंगणात धावणारे मूल आज उठूनही बसू शकत नाही. त्याची बुद्धी मात्र पूर्वीइतकीच तल्लख असते.

त्या काळी या रोगावर लस नव्हती आणि मुंबईत उपचाराची पुरेशी सोयही नव्हती. फातिमाबाई हात जोडून स्वस्थ बसल्या नाहीत. मद्रासचे प्रसिद्ध अस्थितज्ज्ञ डॉ. किणी यांच्याकडे त्या मुलीला घेऊन गेल्या. तेथे तिच्यावर उपचार करावे लागले. आईच्या मनाला ते किती जड गेले असेल! परंतु नियमित व्यायाम, योग्य आधार आणि दीर्घ चिकाटी यांचे फळ मिळाले. मुलीच्या पायांत बळ येऊ लागले.

दुसरी एखादी आई एवढ्यावर समाधान मानून घरी बसली असती. फातिमाबाईंच्या मनात मात्र निराळेच विचार घोळू लागले. आपल्याजवळ साधने होती, म्हणून आपण मद्रासपर्यंत जाऊ शकलो. गिरणीकामगाराने काय करावे? अहमदनगर जिल्ह्यातील पारनेरच्या माळावर किंवा अकोल्याच्या डोंगरात राहणाऱ्या शेतकऱ्याने कोठे जावे? रोग तर वाडा आणि झोपडी असा भेद करीत नाही!

मे 1947 मध्ये, स्वातंत्र्य अवघ्या तीन महिन्यांवर आले असता, त्यांनी मुंबईत चौपाटीवर पोलिओग्रस्त मुलांसाठी दवाखाना सुरू केला. त्यासाठी विख्यात शल्यचिकित्सक डॉ. बाळिगा यांचे साहाय्य लाभले. पुढे अपंग मुलांच्या पुनर्वसनासाठी संस्था स्थापन झाली आणि हाजी अली येथे रुग्णालय उभे राहिले. 1955 साली त्याच परिसरात भारत सरकारची या विषयावरील अखिल भारतीय संस्थाही सुरू झाली.

फातिमाबाईंनी एक गोष्ट नेमकी ओळखली होती. मुलाला चालविले, म्हणजे काम संपत नाही. त्याला शिक्षण हवे, हाताला काम हवे आणि मोठेपणी कोणापुढे हात न पसरता जगता आले पाहिजे. म्हणूनच उपचारांच्या जोडीला शाळा आली. प्रौढ अपंगांना काम देणारी कार्यशाळाही तेथे चालू झाली. भारत सरकारने 1958 साली फातिमाबाईंना 'पद्मश्री' देऊन गौरविले. 1978 साली त्यांची राज्यसभेवर नियुक्ती झाली. 1987 साली त्यांचे निधन झाले.

पुढे लसीने पोलिओचा पाडाव केला. भारतातील नैसर्गिक विषाणूचा शेवटचा रुग्ण जानेवारी 2011 मध्ये आढळला आणि मार्च 2014 मध्ये आपला भाग पोलिओमुक्त म्हणून घोषित झाला. परंतु रोग गेला, तरी त्याने गाठलेली माणसे आपल्यातच आहेत. त्या काळची मुले आता वृद्ध होत आहेत. ज्या थोड्या मज्जापेशी वाचल्या, त्यांनी अनेक वर्षे दुप्पट भार वाहिला. त्या आता थकतात. म्हणून तीस-चाळीस वर्षांनंतर पुष्कळांच्या अंगात पुन्हा अशक्तता येते. एकेकाळी जिद्दीने चढलेली पायरी पुन्हा उंच वाटू लागते.

अशा वेळी त्यांना दया नको असते. हवी असते सोय. उंबऱ्याशी उतार, जिन्याला कठडा, बसमध्ये चढताना थोडा धीर, बाजारहाटाला शेजाऱ्याची सोबत, एवढ्याने माणूस आपल्याच घरी, आपल्याच मर्जीने राहू शकतो. 2016 च्या कायद्यानेही सार्वजनिक इमारती दिव्यांगांना सुगम असाव्यात, असे ठरविले आहे.

अहमदनगर जिल्हा आता अहिल्यानगर या नावाने ओळखला जातो. ज्या अहिल्याबाईंचे हे नाव, त्या याच जिल्ह्यातील चौंडी गावच्या. त्यांनी देशभर घाट व धर्मशाळा बांधून अनोळखी वाटसरूंची वाट सुकर केली. फातिमाबाईंनी वेगळ्या काळात, वेगळ्या रीतीने तेच केले. एका आईचे दुःख त्यांनी सर्वांच्या उपयोगी आणले. आपल्या शाळेच्या दाराशी पायऱ्यांशेजारी उतार आहे की नाही, एवढे जरी आपण उद्या पाहिले, तरी त्यांच्या कार्यात आपला हात लागला, असे होईल.