चाकापाशी उशिरा पोचलेलं तेल

परवा भाच्याच्या नव्या, महागड्या गाडीतून साताऱ्याला गेलो. रस्त्यात खड्डे होते, पण माझ्या दुखऱ्या कमरेला ते फारसे जाणवले नाहीत. या गाडीचे शॉक ॲब्सॉर्बर म्हणे रस्ता ओळखून आपोआप मऊ-कडक होतात! बँकेत हयात काढलेल्या मला यंत्रातलं काय कळणार? पण कुतूहल स्वस्थ बसू देईना. ते शमवताना जेकब रॅबिनो भेटले.

त्यांचा जन्म १९१० सालचा, खारकीवचा. क्रांतीच्या धामधुमीत सैबेरिया, चीन असं फिरत त्यांचं कुटुंब १९२१ मध्ये न्यूयॉर्कला पोचलं. मुलगा इंजिनिअर झाला तो ऐन मंदीत. अखेर १९३८ मध्ये वॉशिंग्टनला नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये नोकरी लागली. पुढे त्यांच्या नावावर २३० अमेरिकी पेटंटं जमा झाली. त्यांत छापील अक्षरं वाचणारं यंत्रही होतं.

१९४८ मध्ये त्यांनी एक अजब तेल जगापुढे मांडलं. तेलात लोखंडाचा बारीक कीस. चुंबक नसताना ते पातळ. चुंबकीय क्षेत्रात मात्र कणांच्या साखळ्या होतात आणि तेल क्षणात घट्ट होतं. वीज बंद केली, की पुन्हा पातळ.

साध्या शॉक ॲब्सॉर्बरमध्ये दट्ट्या तेलातून वरखाली होतो आणि बारीक भोकांतून तेल ढकलतो. भोकं ठरलेली, म्हणून खड्ड्यात मऊ असलेली गाडी वळणावर डुलते. दट्ट्यात तारेचं वेटोळं बसवून रॅबिनोंचं तेल भरलं, तर भोकं तीच राहतात, तेलच बदलतं. चाकांची हालचाल टिपून लहानसा संगणक क्षणोक्षणी वीज कमी-जास्त करतो.

पण असा संगणक १९४८ मध्ये कुठला? शिवाय कीस तळाशी बसे, भाग झिजत. हे सारं जमून असे शॉक ॲब्सॉर्बर कॅडिलॅक गाडीत आले २००२ मध्ये. रॅबिनो १९९९ मध्येच गेले होते.

बँकेत असताना एका लेथवाल्याचा कर्जाचा अर्ज मी परत केला होता. त्याची कल्पना नवी होती. उत्पन्न कधी सुरू होणार, या रकान्यात मात्र त्याने रेघ ओढली होती. नियमाने मी चुकलो नव्हतो. पण साताऱ्याहून परतताना, गाडी खड्ड्यावरून अलगद जात असताना, मला ती रेघच आठवत राहिली.