व्हेनिसची फरशी आणि आपले सयाजीराव महाराज



सातवीच्या वर्गात इटलीतील व्हेनिस शहराचा विषय निघाला. शंभराहून अधिक बेटांवर वसलेले, कालव्यांचे शहर! जुन्या शहरात मोटारी चालत नाहीत. चारशेहून अधिक पूल ओलांडत पायी फिरावे, नाहीतर होडीत बसावे. हे आपल्याला कधी पाहायला मिळणार, असे एका मुलीने विचारले. मी सांगितले की व्हेनिसची कारागिरी बडोद्यातही आहे. लक्ष्मी विलास पॅलेसच्या दरबार हॉलची फरशी व्हेनिसच्या मोझेकची आहे. ती पाहिलेली मुले वर्गात फक्त चार निघाली! म्हणून या अंकात महाराज सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांची ओळख.

महाराजांचा जन्म मार्च १८६३ मध्ये नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावी, साध्या शेतकरी कुटुंबात झाला. नाव गोपाळराव. १८७५ मध्ये महाराणी जमनाबाईंनी त्यांना दत्तक घेतले, तेव्हा बाराव्या वर्षीही त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. पण इलियट साहेबांच्या हाताखाली त्यांनी मेहनतीने अभ्यास केला आणि १८८१ च्या डिसेंबरमध्ये राज्यकारभार हाती घेतला. १८९० मध्ये लक्ष्मी विलास पॅलेस पूर्ण झाला.

१८८७ पासून महाराज अनेकदा युरोपात गेले. सुरुवातीचे कारण प्रकृतीचे होते, पण डोळे उघडे ठेवून ते फिरले. तिकडे जे चांगले दिसले, ते आपल्या प्रजेला कसे मिळेल याचा त्यांनी विचार केला. १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण सुरू झाले आणि १९०६ मध्ये ते सर्व राज्यात लागू झाले. मुलींनाही शाळेत पाठवणे भाग पडले. अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी त्यांनी शाळा काढल्या. १९१३ मध्ये तरुण भीमराव आंबेडकर अमेरिकेला शिकायला गेले, ते महाराजांच्याच शिष्यवृत्तीवर. १९१० मध्ये अमेरिकेहून बॉर्डन यांना बोलावून त्यांनी गावोगावी वाचनालये उभी केली. जेथे वाचनालय नव्हते, तेथे पुस्तकांच्या पेट्या पाठवल्या.

घरात मात्र दुःखे फार आली. पहिल्या पत्नी १८८५ मध्ये गेल्या. पुढे तरुण मुलांचे मृत्यूही पाहावे लागले. तरी काम थांबले नाही. ६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

मोझेकची फरशी राजवाड्यासाठी होती. शाळा आणि पुस्तके सर्वांसाठी होती. मला वाटते, महाराजांचे मोठेपण यातच आहे. ज्याला बाराव्या वर्षापर्यंत अक्षर येत नव्हते, त्यालाच अक्षराची किंमत कळली.

पालकांना एक विनंती. व्हेनिसला जाणे सर्वांना जमणार नाही. पण एखाद्या रविवारी मुलांचा हात धरून मांडवीपासून लहरीपुरा दरवाजा, १८९६ चे न्यायमंदिर, सूरसागर असे पायी फिरा. दुसऱ्या रविवारी दरबार हॉलची ती फरशी दाखवा आणि सयाजीबागेतील म्युझियमही पाहा. मुलांनी जे पाहिले ते दहा ओळींत मराठीत लिहून आणावे. निवडक लेखन पुढील अंकात छापू.

आपला,
मुख्याध्यापक