पडदा जपणारे विष्णुपंत दामले

लोणंद : ज्ञानेश्वर माउलींची पालखी नीरा नदी ओलांडून सातारा जिल्ह्यात येते, ती लोणंदला मुक्कामी विसावते. याच माउलींची कथा १९४० मध्ये 'संत ज्ञानेश्वर' या चित्रपटातून पडद्यावर साकारणाऱ्या दिग्दर्शकद्वयींपैकी एक म्हणजे विष्णुपंत गोविंद दामले. बंद पडलेली एकपडदा चित्रपटगृहे पुन्हा सुरू करण्याची चर्चा निघते, तेव्हा त्यांच्या आयुष्याची आठवण होणे अपरिहार्य ठरते.

दामले यांचा जन्म १४ ऑक्टोबर १८९२ रोजी पेण येथे झाला. कोल्हापुरात ते बाबूराव पेंटर यांच्या सहवासात आले. स्वदेशी कॅमेरा तयार करण्याच्या बाबूरावांच्या खटपटीत त्यांचा मोलाचा हातभार होता. महाराष्ट्र फिल्म कंपनीत ते घडले आणि यंत्राचे मर्म जाणणारा कलावंत अशी त्यांची ओळख झाली.

१ जून १९२९ रोजी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी स्थापन झाली. दामले, फत्तेलाल, व्ही. शांताराम, केशवराव धायबर आणि भांडवल पुरविणारे सीतारामपंत कुलकर्णी असे पाच भागीदार होते. १९३३ मध्ये कंपनी पुण्यात आली. कोल्हापूरहून पुण्याकडे येणाऱ्या ज्या लोहमार्गावर लोणंदचे स्थानक आहे, तोच या दोन शहरांना जोडणारा दुवा होता.

बोलपट आल्यावर दामले यांनी ध्वनिमुद्रणाची जबाबदारी पेलली. फत्तेलाल यांच्यासह त्यांनी दिग्दर्शित केलेला 'संत तुकाराम' १९३६ मध्ये झळकला. मुंबईच्या सेंट्रल सिनेमात तो वर्षाहून अधिक काळ चालला आणि १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गौरविला गेला.

मात्र प्रभातचे यश केवळ कलेचे नव्हते. चित्रपटगृहाचा खर्च खुर्च्या भरल्या काय आणि रिकाम्या राहिल्या काय, थांबत नाही. वीज, नोकरवर्ग, कर आणि जागेचे भाडे द्यावेच लागते. तिकिटांच्या उत्पन्नातून वितरकाचा वाटा गेल्यावर मालकाच्या हाती थोडकेच उरते. म्हणूनच सातत्याने चित्रपट मिळणे हा या धंद्याचा कणा असतो. प्रभातपाशी निर्मितीसाठी स्वतःचा स्टुडिओ होता, वितरणाला बाबूराव पै यांची फेमस पिक्चर्स होती आणि पुण्यात हक्काचा पडदाही होता. इंदूरच्या सरदार किबे यांनी बांधलेले, सप्टेंबर १९३४ मध्ये सुरू झालेले चित्रपटगृह भाडेपट्ट्याने घेऊन त्याला प्रभातचे नाव देण्यात आले होते.

१९४२ मध्ये शांताराम कंपनीतून बाहेर पडले. ५ जुलै १९४५ रोजी दामले यांचे निधन झाले. १९५३ मध्ये कंपनी बंद पडली. स्टुडिओच्या जागी १९६० मध्ये शासनाची चित्रपट प्रशिक्षण संस्था उभी राहिली. चित्रपटगृह मात्र दामले कुटुंबीयांनी चालविले आणि ते मराठी चित्रपटांचे हक्काचे घर बनले. कंपनी गेली, पण पडदा सहा दशकांहून अधिक काळ उजळत राहिला. डिसेंबर २०१४ मध्ये भाडेपट्टा संपून वास्तू किबे कुटुंबाकडे परतली आणि नंतर किबे लक्ष्मी या नावाने तेथे पुन्हा चित्रपट लागले.

शहरातील जागेचा भाव तिकिटाच्या भावाहून कितीतरी वेगाने वाढतो. त्यामुळे जुने चित्रपटगृह पाडून संकुल उभारणे मालकाला अधिक फायद्याचे वाटते, यात नवल नाही. नव्या खुर्च्या, डिजिटल प्रक्षेपण आणि उत्तम ध्वनी यांवर खर्च केला, तरी आठवड्यामागून आठवडा चित्रपट आणि परवडणारे भाडे यांची हमी नसेल, तर दरवाजे पुन्हा बंदच व्हायचे. लोणंदसारख्या बाजारपेठेच्या गावी तर प्रेक्षकसंख्या मर्यादित. तेथे आसने कमी ठेवूनच गणित जुळवावे लागेल.

दामले यांनी यंत्र, कथा आणि पडदा यांची सांगड घातली. ती सांगड पुन्हा घालता आली, तरच बंद दारांमागचे अंधारे पडदे उजळतील.