महाराजांची गाडी निघून गेल्यावर

कोल्हापूरच्या गंगाराम कांबळे यांची गोष्ट आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकली आहे. शाहू जयंतीच्या भाषणात ती हमखास येते. महाराज चहा पितात, टाळ्या पडतात आणि गोष्ट संपते. आम्हाला मात्र महाराजांची गाडी निघून गेल्यानंतरच्या गंगारामांबद्दल बोलायचे आहे. आज आपले अनेक तरुण नोकरी मिळत नाही म्हणून, किंवा नोकरीतला अपमान सोसवत नाही म्हणून, स्वतःचा धंदा करू पाहत आहेत. त्यांच्या कामाचा भाग तो आहे.

गंगाराम आधी दरबारच्या पागेत नोकर होते. मराठा नोकरांसाठी राखलेल्या पाण्याला त्यांनी हात लावला, एवढ्यावरून त्यांना चाबकाने मारले गेले. महाराज तेव्हा बाहेरगावी होते. ते परतल्यावर गंगारामांनी त्यांना पाठीवरचे वळ दाखवले. मारणाऱ्यांना शिक्षा झाली, पण महाराज तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी गंगारामांना नोकरीतून मोकळे केले आणि स्वतंत्र धंदा काढण्यासाठी मदत दिली.

आमच्या मते हा निर्णय शिक्षेपेक्षा मोठा होता. महाराजांनी 1918 साली संस्थानातली महार वतने खालसा करून जमिनी रयतावा केल्या. त्यामागे हाच विचार दिसतो. वतनात माणसाचा दिवस त्याचा नसे. हाक आली की हातातले काम टाकून निघायचे, मग स्वतःचे शेत वाळो की घरात कुणी आजारी असो. पागेतल्या नोकरीतही वेळ मालकाचीच. गंगारामांनी भाऊसिंगजी रोडवर ‘सत्यसुधारक हॉटेल’ उघडले, तेव्हा सकाळी केव्हा उठायचे आणि दुकान केव्हा लावायचे हे ठरवणारे ते स्वतः झाले. शहराच्या ऐन मध्यावर, भर रस्त्यात महाराने चहा विकायचा!

आणि गिऱ्हाईक येईना.

त्या रिकाम्या दिवसांवर कुणी भाषण करत नाही. चहावाल्या कुणालाही विचारा. आणलेले दूध त्याच दिवशी खपवावे लागते. गिऱ्हाईक येवो न येवो, सरपण जळतेच. स्वच्छता तर रोजच ठेवावी लागते. गंगारामांना ती इतरांपेक्षा जास्तच ठेवावी लागली असणार, कारण नावे ठेवायला सगळे शहर टपलेले होते. दार लावून घरी गेले असते तर रागवायला वरती कुणी साहेब नव्हता. स्वतःच्या धंद्यात हीच खरी अडचण असते.

आजकाल तरुणांना सल्ले मिळतात: लवकर उठा, वेळापत्रक करा, मोबाईल बाजूला ठेवा. चांगले सल्ले आहेत, आम्हीही देतो. पण ज्याचे आडनाव कळताच गिऱ्हाईक पाठ फिरवते, त्याला आळशी म्हणू नका. बाबासाहेबांनी परदेशातून परतल्यावर मुंबईत शेअर्सच्या व्यवहारात सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला होता. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाइके गळाली आणि तो बंद पडला. नोव्हेंबर 1918 मध्ये ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. बाबासाहेबांच्या कष्टात कमतरता होती असे कोण म्हणेल? बहिष्कार एकट्याच्या चिकाटीने मोडत नाही. त्याला सोबत लागते.

ती सोबत महाराजांनी केली. गिऱ्हाईक येत नाही हे कळल्यावर ते स्वतः हॉटेलासमोर गाडी थांबवून चहा मागू लागले आणि सोबतच्या उच्चवर्णीय मंडळींनाही तोच चहा पाजू लागले. महाराजांसमोर नको कोण म्हणणार? (मनातल्या मनात कितीजणांनी आंघोळ केली असेल, ते त्यांचे त्यांना ठाऊक.) पुढे महाराजांनी त्यांना सोडावॉटरचे मशीनही घेऊन दिले. दान म्हणून पैसे हातावर ठेवणे सोपे होते. गिऱ्हाईक होणे, उघडपणे होणे आणि पुन्हा पुन्हा होणे ही मदत वेगळी. आपल्या वस्तीतल्या पोराने दुकान टाकले की उद्घाटनाला हार घेऊन जाणारे आपण महिन्याचे सामान मात्र दुसरीकडून भरतो, हे इथे बोलून टाकलेले बरे.

पण महाराज दिवसभर हॉटेलात बसून राहणार नव्हते. गाडी गेली की कपबश्या विसळायला, चूल सांभाळायला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दार उघडायला गंगारामच होते.

6 मे 1922 रोजी मुंबईत महाराजांचे निधन झाले. ज्यांच्या धाकाने शहर चहा प्यायला आले, ते गेले. तीन वर्षांनी, 1925 साली, कोल्हापूरच्या नर्सरी बागेत अस्पृश्य समाजाने महाराजांचे स्मारक उभारले. ते महाराजांचे पहिले स्मारक. त्यासाठी पुढाकार घेणारा माणूस सरदार नव्हता, जहागीरदार नव्हता, दरबारचा नोकरही राहिला नव्हता. ते होते भाऊसिंगजी रोडचे हॉटेलवाले, गंगाराम कांबळे.