अडखळत बोलणारा राजा

ब्रिटनचे राजे सहावे जॉर्ज यांचा जन्म १४ डिसेंबर १८९५ रोजी झाला. घरात त्यांना बर्टी म्हणत. ते धाकटे राजपुत्र होते. सिंहासन थोरल्या भावाचे, हे ठरलेलेच होते. सात-आठ वर्षांचे असल्यापासून ते बोलताना अडखळू लागले. वडील करड्या शिस्तीचे. मुलगा शब्दापाशी थांबला की ते अधीर होत. मग मुलगा अधिक घाबरे आणि जीभ अधिकच अडे. डावखुऱ्या बर्टींना उजव्या हाताने लिहावयास लावले, म्हणून हा दोष जडला, असे पूर्वी अनेकांना वाटे. आता तज्ज्ञ त्याचे मूळ मेंदूच्या जडणघडणीत आणि आनुवंशिकतेत शोधतात. भीती हे या दोषाचे मूळ नव्हे. तो वाढतो मात्र भीतीने.

राजपुत्राला भाषणे टाळता येत नाहीत. ३१ ऑक्टोबर १९२५ रोजी वेम्बली येथील साम्राज्य प्रदर्शनाच्या समारोपात अफाट जनसमुदायासमोर ते बोलावयास उभे राहिले. शब्दांऐवजी मध्येमध्ये नुसती शांतता ऐकू येत होती. तोवर अनेक उपचार करून झाले होते. प्रत्येक वेळी आशा धरावी आणि ती मोडावी, याचा त्यांना वीट आला होता. आणखी एका तज्ज्ञाकडे जाण्यास ते राजी नव्हते. त्यांच्या पत्नी एलिझाबेथ यांनी त्यांचे मन वळविले.

१९ ऑक्टोबर १९२६ रोजी ते लंडनच्या हार्ले स्ट्रीटवरील लायनेल लोग यांच्याकडे गेले. लोग ऑस्ट्रेलियाचे. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या, वाचेवर परिणाम झालेल्या सैनिकांवर त्यांनी उपचार केले होते. पण वैद्यकाची पदवी त्यांच्याजवळ नव्हती. नामांकित डॉक्टरांच्या त्या रस्त्यावर अशा माणसाने आपली पाटी लावावी, हे धाडसच म्हणावयाचे! लोग यांनी प्रथम रुग्णाचे सारे ऐकून घेतले. दोष दूर होऊ शकेल, पण कष्ट तुम्हालाच करावे लागतील, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. पोटातून खोल श्वास घेणे, श्वास आणि शब्द यांचा मेळ घालणे, कठीण उच्चारांची वाक्ये पुन्हा पुन्हा म्हणणे, असे ते व्यायाम होते. भाषणाच्या मसुद्यात कोठे थांबावयाचे याच्या खुणा केल्या जात. अडणारा शब्द काढून दुसरा घातला जाई. पुढच्या सुमारे चौदा महिन्यांत ते ऐंशीहून अधिक वेळा लोग यांना भेटले. ९ मे १९२७ रोजी कॅनबेरा येथे ऑस्ट्रेलियाच्या संसद भवनाचे उद्घाटन करताना त्यांचे भाषण सुरळीत पार पडले.

डिसेंबर १९३६ मध्ये थोरल्या भावाने सिंहासन सोडले आणि नको असलेला मुकुट बर्टींकडे आला. ते भारताचेही सम्राट झाले. त्यांच्या मुद्रेची नाणी आजही जुन्या पेट्यांतून सापडतात. ३ सप्टेंबर १९३९ रोजी युद्ध सुरू झाले. त्या सायंकाळी त्यांनी रेडिओवरून देशाला उद्देशून भाषण केले, तेव्हा लोग त्याच खोलीत उभे होते. राजे सावकाश, थांबत थांबत बोलले. दोष समूळ गेला नव्हता, तो कधी गेलाही नाही. परंतु भाषण पूर्ण झाले.

१९४४ च्या नाताळचे भाषण त्यांनी लोग शेजारी नसताना केले. लोग त्या वेळी आपल्या घरी रेडिओ ऐकत बसले होते. ६ फेब्रुवारी १९५२ रोजी राजांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी लोगही गेले.